रॉबर्ट हॅनबरी ब्राउन

रॉबर्ट हॅनबरी ब्राउन (३१ ऑगस्ट, इ.स. १९१६; अरुवनकाडू, निलगिरी, भारत – १६ जानेवारी, इ.स. २००२) हे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ होते. तरुणपणी त्यांनी विमानांतील रडारवर काम केले.

पुढे गणितज्ञ रिचर्ड ट्विस यांच्यासह त्यांनी ताऱ्यांचा व्यास मोजण्याची नवी पद्धत शोधली. एकाच ताऱ्याचा प्रकाश दोन आरशांवर घेतल्यास त्याच्या तीव्रतेतील चढउतार परस्परांशी जुळतात. आरसे दूर नेल्यावर हा मेळ ओसरतो. तारा जितका मोठा दिसतो, तितका तो लवकर ओसरतो. इ.स. १९५६ मध्ये सर्चलाइटचे आरसे वापरून त्यांनी व्याधाचा कोनीय व्यास मोजला. स्वतंत्र प्रकाशकणांत असा मेळ असूच शकत नाही, असे म्हणून अनेक भौतिकशास्त्रज्ञांनी तो अमान्य केला. वास्तविक त्याचे मूळ सत्येंद्रनाथ बोस यांच्या इ.स. १९२४ च्या संख्यिकीत होते. ऑस्ट्रेलियातील नॅराब्राय येथे पुढे ३२ ताऱ्यांचे व्यास मोजले गेले.

इ.स. १९६० मध्ये गेर्सन गोल्डहाबर व सहकाऱ्यांना समान विद्युतभाराच्या पायॉन-जोड्यांत असाच मेळ आढळला. सर्न येथील अणुकेंद्रकांच्या टकरींत कण बाहेर फेकणाऱ्या, काही फेम्टोमीटर आकाराच्या उगमाचे मोजमाप आज याच तत्त्वावर होते.