काँक्रीटवरचा दगडी मुखवटा

मूळचे पाथरवट असलेले फ्रांस्वा एनबिक (१८४२-१९२१) यांनीच दगडी बांधकामाची सद्दी मोडली. कॉलम, बीम आणि स्लॅब लोखंडी सळयांसह एकसंध ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांनी १८९२ मध्ये घेतले. ठेकेदारी सोडून आराखडे पुरविण्याचा व्यवसाय पत्करला. १९०० च्या सुमारास पॅरिसच्या दांतों मार्गावर त्यांच्या कंपनीची कचेरी उभी राहिली. वास्तुकार होते एदुआर आर्नो. इमारत काँक्रीटची, पण दर्शनी भाग कोरीव दगडाचा भासणारा! ग्राहकांची नजर अद्याप दगडालाच सरावलेली होती. हा मुखवटा एनबिक यांनी उतरविला तो लवकरच, पॅरिसलगतच्या बुर्ग-ला-रेन या उपनगरात स्वतःचे घर बांधताना. भिंतीबाहेर झेपावणारे बांधकाम, गच्चीवर बागा आणि त्यांना पाणी पुरविणारी टाकी पेलणारा उंच मनोरा.