सूत्रधार विष्णुदास भावे

गोष्ट सांगणारा एक आणि त्या गोष्टीत वावरणारे चार-पाच, असा एक बैठा खेळ आज जगात अनेक ठिकाणी खेळला जातो. मित्र टेबलाभोवती बसतात. एक जण प्रसंग मांडतो : समोर नदी आहे, पूल मोडला आहे, पलीकडच्या तीरावर धूर दिसतो आहे. उरलेल्यांपैकी कोणी योद्धा झालेला असतो, कोणी वैद्य, कोणी चोर. आता आपण काय करणार, काय बोलणार, हे प्रत्येकाने आपापल्या भूमिकेत राहून सांगावयाचे आणि जेथे यशाची खात्री नाही तेथे फाशांचा कौल घ्यावयाचा. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारचा खेळ १९७४ मध्ये छापून विक्रीस आला आणि तेथून तो सर्वत्र पसरला. प्रसंग मांडणाऱ्याला तिकडे गेम मास्टर म्हणतात. ही जागा पहिल्यांदाच घेणाऱ्याला एक धास्ती हटकून असते. मी योजिलेले बाजूला राहिले आणि खेळणारे भलतेच काही बोलू लागले, तर काय करावयाचे?

ही धास्ती मात्र नवी नाही. पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगलीच्या एका तरुणापुढे नेमका हाच प्रश्न उभा होता. त्या तरुणाचे नाव विष्णू अमृत भावे. मराठी रंगभूमीचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण खेळ चालविण्याची विद्या शिकविणारा कोणी नसताना ती स्वतः शिकलेला माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहणेही उद्बोधक आहे.

विष्णुदासांचे वडील सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या पदरी होते. विष्णुदासांना गोष्टी रचण्याचा आणि कळसूत्री बाहुल्या घडविण्याचा नाद होता. बाहुलीचे सूत्र ज्याच्या हाती तो सूत्रधार. त्याने दोरी ओढली की राम धनुष्य उचलतो, सैल सोडली की खाली ठेवतो. बाहुली उलट उत्तर देत नाही, प्रसंग विसरत नाही, की स्वतःच्या मनाचे एक अक्षर बोलत नाही.

१८४२ च्या सुमारास कर्नाटकातील भागवत मंडळी सांगलीस आली आणि तिने आपले खेळ केले. ते पाहून आप्पासाहेबांच्या मनात आले की, असे खेळ मराठीत, पण अधिक नीटनेटके व्हावेत. हे काम त्यांनी विष्णुदासांवर सोपविले. पंचविशीच्या उंबरठ्यावरचा हा तरुण! पुढे ठेवण्यासारखे मराठी नाटकाचे पुस्तक नाही, हाताशी तयार नट नाहीत, आणि नाटकात तोंड रंगविणाऱ्याकडे समाज आदराने पाहील असाही तो काळ नव्हता. विष्णुदासांनी माणसे जमविली, पदे रचली, सोंगे सजविली, तालमी घेतल्या. आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले. तोच दिवस आपण आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो.

त्या खेळाची रीत समजून घेण्याजोगी आहे. आरंभी सूत्रधार मंगलाचरण करी. मग विदूषक येई व दोघांचा विनोदी संवाद होई. त्यानंतर गणपती आणि मोरावर बसलेली सरस्वती येऊन आशीर्वाद देत, आणि मग मुख्य आख्यान सुरू होई. सूत्रधार आपल्या साथीदारांसह रंगमंचाच्या एका बाजूस अखेरपर्यंत उभा असे. प्रसंग कोणता, कोण आले, कोणाच्या मनात काय आहे, हे तो पदांतून गाऊन सांगे. पद संपले की पात्रे बोलू लागत. त्यांची भाषणे कोणी लिहून दिलेली नसत. पदाचा आशय ध्यानात धरून नटाने आपल्या शब्दांत, आयत्या वेळी बोलावयाचे, अशी ती पद्धत होती.

विष्णुदासांपुढची अडचण येथेच होती. बाहुल्यांच्या जागी आता बोलती माणसे आली. त्यांच्या तोंडचा प्रत्येक शब्द आधी ठरविणे शक्य नव्हते. म्हणून आख्यान असे निवडावयाचे की त्याची वाट नटालाही ठाऊक आणि प्रेक्षकालाही ठाऊक. धनुष्य मोडणार हे पक्के. ते उचलण्यापूर्वी रावण कशी बढाई मारील, हे त्या रात्रीच्या रावणावर. संवाद लांबू लागला की सूत्रधाराने पुढचे पद उचलले आणि गोष्ट पुढे सरकली. आज टेबलाशी बसणाऱ्या नव्या गेम मास्टरने उचलावी अशी ही युक्ती आहे. जागा, माणसे आणि त्यांचे हेतू यांची तयारी आधी करावी. बोलणे खेळणाऱ्यांवर सोडावे. आणि खेळ रेंगाळला की नवा प्रसंग पुढे ठेवावा.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील वाचकाला हे परके वाटू नये. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून रात्र रात्र रंगणाऱ्या सोंगाड्या पार्ट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना आयत्या वेळच्या बोलण्याची गंमत सांगावयास नको. समोरच्या माणसाने काय म्हटले ते कान देऊन ऐकल्याशिवाय तेथे उत्तर देताच येत नाही.

१८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि विष्णुदासांचा आधार गेला. तेव्हा ते मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाच्या आवडीवर जगणारा खेळ आता पैसे देऊन येणाऱ्या प्रेक्षकासमोर उभा राहिला. त्यांचे पाहून गावोगावी अशाच नाटकमंडळ्या निघाल्या.

पण या पद्धतीची दुसरी बाजूही लपविण्यात अर्थ नाही. जेथे सूत्रधाराची पकड ढिली पडली तेथे राक्षसांचा आरडाओरडा आणि तलवारींचा खणखणाट एवढेच उरले. लोक अशा खेळांना चेष्टेने ‘अललडुर्र’ नाटके म्हणू लागले. पुढे संपूर्ण लिहिलेली नाटके आली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले, आणि आयत्या वेळच्या भाषणांचा काळ मागे पडत गेला. विष्णुदास स्वतः त्याआधीच नाटकमंडळीतून निवृत्त झाले होते. त्यांची पदे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने १८८५ मध्ये प्रसिद्ध झाली. ९ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या संग्रहात पदे आहेत. त्या पदांनंतर नट काय बोलले ते मात्र कोठेच नाही. ते त्या त्या रात्रीचे होते आणि त्या रात्रीबरोबरच गेले.

खेळ चालवू पाहणाऱ्याने विष्णुदासांच्या चरित्रातून घ्यावे ते हे. सूत्र फार आवळले तर समोरच्या मित्रांच्या बाहुल्या होतात, आणि अगदीच सोडले तर गोंगाट होतो. किती ओढावे व किती सोडावे हे कोणत्याही नियमपुस्तकात सापडत नाही. ते समोरच्याचे बोलणे ऐकता ऐकता कळू लागते. पहिल्या बैठकीत खेळाडू भलतेच बोलले, तर नव्या सूत्रधाराने घाबरून जाऊ नये. खेळ खऱ्या अर्थाने तेथेच सुरू होतो. त्याने ते बोलणे ऐकून घ्यावे आणि मग आपले पुढचे पद उचलावे.