शेरलॉक होम्सचे लेखक बर्फावर चालायला शिकतात

आठवी-नववीच्या मुलांना शेरलॉक होम्स माहीत असतो, निदान नावाने तरी. त्याचे लेखक सर आर्थर कॉनन डॉयल यांची ओळख मात्र आपण 'डॉक्टर आणि रहस्यकथाकार' एवढ्यावरच आटोपतो. आज त्यांच्या आयुष्यातला एकच हिवाळा सांगायचा आहे. चौतिशीतला हा नावाजलेला माणूस त्या हिवाळ्यात चालायला शिकणाऱ्या मुलासारखा रोज पडत होता.

डॉयल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात झाला. तिथेच ते डॉक्टर झाले. पुढे कथा इतक्या गाजल्या की दवाखाना मागे पडला. १८९३ मध्ये पत्नी लुईझा यांना क्षयरोग झाल्याचं निदान झालं. स्वतः डॉक्टर असून घरातलं दुखणं वेळेवर लक्षात आलं नाही, ही गोष्ट किती लागली असेल! तज्ज्ञांनी तर काही महिन्यांचीच मुदत दिली होती. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. उंचावरची कोरडी हवा, ऊन आणि विश्रांती हाच उपाय. म्हणून हे कुटुंब स्वित्झर्लंडमधल्या दावोस गावी राहायला गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, होम्सला धबधब्याच्या कड्यावर संपवणारी कथा छापून आली आणि वाचक चिडले. पण लेखकाचं सगळं लक्ष घरातल्या आजारपणाकडे लागलेलं.

पत्नी विश्रांती घेत असे, आणि क्रिकेटपासून बऱ्याच मैदानी खेळांत रमणाऱ्या डॉयल यांना स्वस्थ बसवेना. नानसेन या नॉर्वेच्या तरुणाने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड पार केलं होतं. ती हकीकत डॉयल यांच्या वाचनात होती. त्यांनी नॉर्वेहून स्की मागवल्या.

आपल्या मुलांना बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा, म्हणून वस्तू नीट सांगू. स्की म्हणजे लाकडाची लांब, अरुंद फळी. साधारण आठ फूट लांब, चार इंच रुंद, पुढचं टोक वर वळलेलं, मधे पाय बांधायला चामड्याचे पट्टे. अशा दोन फळ्या आणि हातात एक लांब काठी. (आज दोन काठ्या असतात.) दिसायला अगदी गरीब वस्तू. पायात बांधून मित्रांकडे वळून बघायला गेलं की माणूस डोक्यावर बर्फात आणि पाय हवेत! स्वतःची ही फजिती डॉयल यांनीच पुढे मजेत लिहून ठेवली.

सपाटीवर पाऊल उचलायचं नसतं, सरकवायचं असतं. नेहमीची सवय मोडायची, तिथेच पहिली अडचण. चढावर सरळ गेलं तर मागे घसरगुंडी होते, म्हणून घाटातल्या रस्त्यासारखं नागमोडी जायचं. फारच उभा चढ असेल तर स्की आडव्या धरून तिची कड बर्फात रुतवायची. उतारावर गुडघे सैल ठेवून तोल सांभाळायचा. आणि थांबायचं कसं? नवशिक्याला एकच युक्ती जमते, खाली बसणं.

दावोसमध्ये तोबियास आणि योहानेस ब्रांगर हे दोन भाऊ आधीपासून स्की करत होते. लोक हसतात म्हणून ते सुरुवातीला अंधार पडल्यावर सराव करत. (डॉयल यांनीच स्वित्झर्लंडमध्ये स्की आणली असं कुठे कुठे वाचायला मिळतं, ते बरोबर नाही.) आदल्या वर्षी या भावांनी मायेनफेल्डर फुर्का ही खिंड ओलांडून पलीकडचं आरोझा गाव गाठलं होतं. खिंडीची उंची सुमारे २,४४० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा कितीतरी जास्त. २३ मार्च १८९४ च्या पहाटे, चंद्र असतानाच, ते डॉयल यांना घेऊन निघाले. काही महिन्यांचा नवशिका आणि ही वाट! एका उभ्या, कडक उतारावर पाय घसरला असता तर सावरायची सोय नव्हती.

खिंडीपलीकडच्या एका उतारावर ब्रांगर बंधूंनी आपापल्या दोन स्की एकत्र बांधून घसरगाडी केली आणि तिच्यावर बसून उतरू लागले. डॉयल तसंच करायला गेले, तर त्यांच्या स्की त्यांना मागे ठेवून एकट्याच पळाल्या. मग साहेब विजारीवरच घसरत खाली आले. विजारीचं कापड कधी फाटत नाही असं शिंप्याने सांगितलं होतं. त्याचे नमुने वाटेवर सापडतील, असा टोमणा त्यांनी नंतर मारला.

सात तासांत, साडेअकराला, तिघे आरोझाच्या हॉटेलात पोचले. त्यांना पोचायला एक वाजेल असा गावकऱ्यांचा हिशोब. लोक बघायला बाहेर आले तेव्हा यांचं जेवण उरकत आलं होतं! हॉटेलच्या नोंदवहीत तिघांची नावं तोबियासने भरली. डॉयल यांच्या नावापुढे व्यवसाय म्हणून त्याने ना डॉक्टर लिहिलं, ना लेखक. त्याने लिहिलं, खेळाडू.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'स्ट्रँड' मासिकात डॉयल यांनी या सफरीवर लेख लिहिला. एक दिवस शेकडो इंग्रज फक्त स्कीसाठी स्वित्झर्लंडला येतील, असं भाकीत त्यात होतं, आणि ते खरं ठरलं. लुईझा यांच्याबाबत तज्ज्ञांनी सांगितलेलं मात्र खरं ठरलं नाही. त्या १९०६ पर्यंत जगल्या.