दोन क्रांतींचा नागरिक
इंग्लंडमध्ये १७३७ साली जन्मलेले थॉमस पेन अमेरिकी व फ्रेंच अशा दोन्ही क्रांतींचे सहभागी होते. १७७६ मधील त्यांच्या ‘कॉमन सेन्स’ने अमेरिकी वसाहतींचे मन समेटाकडून स्वातंत्र्याकडे वळवले. तेथे राजसत्ता जाऊन राज्यघटना आली. गुलामगिरी मात्र राहिली. फ्रान्समध्ये १७९२ साली ते नॅशनल कन्व्हेन्शनवर निवडून आले. राजेशाही जावी, पण सोळाव्या लुईला देहदंड नको, ही भूमिका त्यांनी तेथे मांडली. मानवी हक्क जाहीर करणाऱ्या त्याच क्रांतीने डिसेंबर १७९३ मध्ये त्यांना तुरुंगात टाकले. १८०२ मध्ये अमेरिकेत परतल्यावर धर्मसंस्थांवरील टीकेमुळे तेथेही उपेक्षाच वाट्याला आली. १८०९ मध्ये अंत्यविधीला मोजकीच माणसे होती. राजाला हटवणे दोन्ही क्रांतींना साधले. मतभेद सोसणे एकीलाही पुरते साधले नाही.