न्यायनिष्ठ रामशास्त्री प्रभुणे

राजानें प्रजेचा न्याय करावा हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु खुद्द राजाच्याच हातून अन्याय घडला तर त्याचा निवाडा कोणीं करावा, हा प्रश्न फार जुना व फार अवघड आहे. महाराष्ट्रांत ज्या एका पुरुषानें आपल्या आचरणानें या प्रश्नास उत्तर दिलें, त्या रामशास्त्री प्रभुणे यांचें चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें थोडक्यांत ठेवावें, असें आम्हीं योजिलें आहे.

पिंपळीच्या मुलांस बारामती म्हणजे बाजाराचा व मामलेदार कचेरीचा गांव म्हणून परिचित आहे. त्याच बारामतींत कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) आर्या रचीत होते, त्या काळीं पुण्यास रामशास्त्री न्यायासनावर बसत असत. तेव्हां ज्या दिवसांची ही गोष्ट आहे, ते आपल्या परगण्यास अगदींच परके नव्हेत.

रामशास्त्री मूळचे साताऱ्यानजीक कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावरील माहुली गांवचे. लहानपणीं त्यांच्या विद्येची हेळसांड झाली. पोटासाठीं ते साताऱ्यास एका सावकाराच्या घरीं चाकरीस राहिले. एके दिवशीं धन्याच्या पायांवर पाणी घालीत असतां त्यांची नजर धन्याच्या कानांतील मोत्यांच्या भिकबाळीवर खिळली व पाण्याची धार चुकली. असलें भूषण अंगावर यावयास विद्या लागते, असा टोमणा धन्यानें मारला. तो बोल मनास लागून हा तरुण थेट काशीस गेला, अशी आख्यायिका आहे. ज्या वयांत इतर मुलें विद्या संपवून संसारास लागत, त्या वयांत त्यांनीं अभ्यासास आरंभ केला, आणि कित्येक वर्षें कष्ट करून धर्मशास्त्रांत प्रावीण्य मिळविलें. आमच्या वाचकांपैकीं कोणी एखाद्या परीक्षेंत मागें राहिला असेल, तर त्यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

१७५१ सालीं रामशास्त्री पेशव्यांच्या पदरीं आले व १७५९ सालीं पुणें दरबारचे मुख्य न्यायाधीश झाले. अधिकार मोठा होता, तरी त्यांची राहणी गरिबाची होती. त्या दिवसाच्या गरजेपुरतेंच धान्य घरांत ठेवावें, असा त्यांचा नेम होता असें सांगतात. दक्षिणेच्या वेळीं त्यांचे सख्खे भाऊ याचकांत येऊन उभे राहिले, ही गोष्टही प्रसिद्ध आहे. शास्त्रीबोवांचे बंधु म्हणून त्यांस अधिक रक्कम द्यावी, असें जवळच्या मंडळींनीं सुचविलें; परंतु विद्वत्तेच्या मानानें इतरांस जें मिळेल तेंच त्यांसही मिळावें, भाऊ म्हणून द्यावयाचें तें आपण आपल्या घरांतून देऊं, असें शास्त्रीबोवांनीं सांगितलें. सरकारी पैसा निराळा व घरचा पैसा निराळा, हा भेद ज्यास कळला नाहीं त्यास न्याय कळला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

१७६१ सालीं थोरले माधवराव पेशवे गादीवर आले, तेव्हां त्यांचें वय अवघें सोळा वर्षांचें होतें. पुढें त्यांस जपानुष्ठानाचा नाद लागला. एकदां रामशास्त्री राजकारणाच्या कामासाठीं वाड्यांत गेले असतां पेशवे ध्यानस्थ बसलेले आढळले. शास्त्रीबोवा कांहीं न बोलतां परतले, आणि दुसरे दिवशीं त्यांनीं काशीस जाण्याची परवानगी मागितली. पेशव्यांनीं कारण विचारतां शास्त्रीबोवांनीं स्पष्ट सांगितलें कीं, जपतपच करावयाचें असेल तर गादी सोडून दोघेही गंगातीरीं जाऊन राहूं. पण गादीवर बसावयाचें असेल तर प्रजेचें काम हीच उपासना होय. माधवरावांनीं चूक कबूल केली व तो क्रम सोडला. सांगणारा निर्भय होता हें खरेंच. पण ऐकणाराही थोर होता, हें विसरतां कामा नये. याच माधवरावांनीं अंमलदारांनीं रयतेकडून फुकट वेठ घेण्याची चाल बंद केली. वसईचे सुभेदार विसाजीपंत यांनीं हुकूम मोडून गांवकऱ्यांच्या डोक्यावरून आपलें मौल्यवान सामान नेवविलें, तेव्हां पेशव्यांनीं तें सारें जप्त केलें आणि जबर दंड बसवून लोकांची भरपाई केली. त्या राज्यांत सुभेदाराचा हुकूमही तपासला जात असे, याचें हें उदाहरण होय.

परंतु खरी कसोटी पुढेंच होती. १७७२ च्या नोव्हेंबरांत माधवराव थेऊर येथें क्षयानें वारले व त्यांचे धाकटे बंधु नारायणराव पेशवे झाले. त्यांचे चुलते रघुनाथराव, ज्यांस लोक राघोबादादा म्हणत, त्याच वाड्यांत नजरकैदेंत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं पगाराच्या निमित्तानें गारदी शनिवारवाड्यांत घुसले. अठरा वर्षांचा पेशवा धांवत जाऊन चुलत्याच्या गळ्यास मिठी मारता झाला. तरी गारद्यांनीं त्यास तेथेंच ठार केलें. मग राघोबादादाच पेशवे झाले.

आतां न्यायाधीशानें काय करावें? ज्याच्यावर संशय तोच राज्याचा धनी होता. फौज त्याची, खजिना त्याचा, आणि न्यायाधीशाची नेमणूक चालूं ठेवणें वा मोडणेंही त्याच्याच हातीं. रामशास्त्र्यांनीं गाजावाजा न करितां सुमारें सहा आठवडे चौकशी केली. राघोबांनीं गारद्यांस पुतण्याला धरण्याचा हुकूम दिला होता व त्या कागदांत धरावें याच्या जागीं मारावें असें झालें होतें, असें त्या चौकशींत निघालें, अशी माहिती इतिहासकार देतात. हें अक्षर आनंदीबाईंनीं बदललें, असा लोकांत समज आहे. शास्त्रीबोवा दादांसमोर उभे राहिले व त्यांनीं खुनाचा आरोप तोंडावर ठेविला. प्रायश्चित्त काय, असें दादांनीं विचारतां देहान्ताखेरीज दुसरें प्रायश्चित्त नाहीं, असा निर्णय शास्त्रीबोवांनीं दिला. शिवाय, तुम्ही राज्य करीत आहां तोंपर्यंत आपण चाकरी करणार नाहीं व पुण्यांत पाऊलही ठेवणार नाहीं, असेंही त्यांनीं बजाविलें. आणि खरोखरच पद सोडून ते वांईकडील एका खेड्यांत जाऊन राहिले.

येथें आम्ही वाचकांस एक गोष्ट मोकळेपणानें सांगतों. तो निर्णय अमलांत आला नाहीं. राघोबादादांस कोणी वधस्तंभाकडे नेलें नाहीं. ते पुढें इंग्रजांच्या आश्रयास गेले व १७८३ सालीं कोपरगांवीं वारले. मग शास्त्रीबोवांचें बोलणें व्यर्थ गेलें काय? आमच्या मतें नाहीं. त्या निर्णयानें दादांच्या सत्तेवरचा न्याय्यपणाचा पडदा फाटला. कारभाऱ्यांनीं त्यांची बाजू सोडली, १७७४ सालीं नारायणरावांच्या पुत्राच्या नांवानें कारभार सुरू झाला, आणि नाना फडणिसांच्या अमदानींत रामशास्त्र्यांस मानानें परत आणण्यांत आलें. १७८९ सालीं त्यांचें देहावसान झालें.

तरीही त्या व्यवस्थेंत उणीव होती. न्यायाधीश राजाचा नोकर होता, आणि त्याच्या हातीं राजीनाम्याखेरीज दुसरें शस्त्र नव्हतें. शिवाय तेव्हांचें धर्मशास्त्र सर्व जातींच्या माणसांस एका मापानें मोजीत नसे. या दोन्ही उणिवा भरून काढण्याचें काम २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या आपल्या संविधानानें केलें. कायद्यापुढें सारे समान, असें त्यानें ठरविलें. आणि सरकारच्या बेकायदा हुकुमाविरुद्ध ३२ व्या अनुच्छेदान्वयें मूलभूत हक्कांसाठीं सर्वोच्च न्यायालयाकडे, व २२६ व्या अनुच्छेदान्वयें उच्च न्यायालयाकडे रिट अर्ज करण्याची वाट प्रजेस दिली. १८६२ सालीं स्थापन झालेलें मुंबईचें उच्च न्यायालय असे अर्ज ऐकतें.

याचा अर्थ पिंपळीच्या शेतकऱ्यासही कळण्याजोगा आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याविषयीं, जमिनीच्या फेरफाराविषयीं, अथवा सरकारनें घ्यावयाच्या शेताविषयीं एखाद्या अधिकाऱ्यानें हुकूम काढला, तर न्यायालय स्वतः पाणी वांटावयास बसत नाहीं. तें इतकेंच पाहतें: हा हुकूम काढण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यास होता काय? ज्याचें नुकसान होणार त्याचें म्हणणें त्यानें ऐकून घेतलें काय? स्वतःच्या हितसंबंधाच्या कामांत तो स्वतःच निवाडा करावयास बसला नव्हता ना? हुकुमास कांहीं समंजस कारण आहे काय? उत्तर नीट न मिळाल्यास न्यायालय तो हुकूम रद्द करूं शकतें. अधिकारी कर्तव्य टाळीत असल्यास तें करावयास लावूं शकतें. आणि एखादा मनुष्य हक्कावांचून सार्वजनिक पदावर बसला असल्यास त्यास जाब विचारूं शकतें. माधवरावांस कर्तव्याची आठवण देतांना व राघोबादादांस गादीवरील हक्काचा जाब विचारतांना रामशास्त्र्यांनीं हीच कामें केलीं. मात्र त्यांच्यामागें संविधानाचें बळ नव्हतें, केवळ स्वतःचें चारित्र्य होतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कोणी पुढें तलाठी होईल, कोणी मामलेदार, कोणी कदाचित् न्यायाधीशही होईल. खुर्चीवर बसाल तेव्हां आपला हुकूमही कोणी तपासणार आहे हें स्मरा, आणि त्या तपासणीचा राग मानूं नका. आणि तपासण्याचें काम तुमच्याकडे आलें तर समोर कोण उभा आहे हें पाहूं नका. माहुलीच्या त्या गरीब मुलानें हें दोन्ही साधलें, म्हणून दोनशेंहून अधिक वर्षें लोटलीं तरी महाराष्ट्र त्यांचें नांव आदरानें घेतो.