उंदराच्या पोटातला जंत आणि वादात सापडलेलं नोबेल

इतवारीच्या धान्यबाजारात रात्री शटर पडलं की उंदीर आणि झुरळं बाहेर येतात, हे नागपूरकरांना सांगायला नको. पण उंदीर झुरळ खातो आणि त्या झुरळातून त्याच्या पोटात जंत शिरतात, हे किती जणांना माहीत असतं? हीच साखळी शोधणाऱ्या एका डॉक्टरला नोबेल मिळालं. आज ते नोबेल सगळ्यात वादग्रस्त पुरस्कारांमध्ये मोजलं जातं.

डॉक्टरचं नाव योहानेस फिबिगर. जन्म २३ एप्रिल १८६७, डेन्मार्कमधल्या सिल्केबोर्गचा. वडील डॉक्टर होते, पण मुलगा लहान असतानाच ते गेले. फिबिगर १८९० मध्ये डॉक्टर झाले, पुढे बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्याकडे शिकले.

त्यांचं खरं मोठं काम माझ्या मते घटसर्पावरचं आहे. तेव्हा घटसर्पावर नवं सीरम आलं होतं, पण ते खरंच उपयोगी आहे का, यावर वाद होता. कोपनहेगनच्या रुग्णालयात त्यांनी १८९६-९७ मध्ये सोपी युक्ती केली. आज दाखल झालेल्यांना सीरम द्यायचं, उद्या दाखल होणाऱ्यांना नाही, परवा पुन्हा द्यायचं. सीरम मिळालेल्या २३९ रुग्णांपैकी ८ दगावले, न मिळालेल्या २४५ पैकी ३०. औषधाची तुलना करून परीक्षा कशी घ्यायची, याचा हा सुरुवातीचा धडा होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०७ मध्ये क्षयरोगावर काम करताना त्यांना तीन उंदरांच्या जठरात गाठी दिसल्या. गाठींत बारीक जंत होते. आणखी नमुने हवेत म्हणून त्यांनी हजाराहून जास्त उंदीर तपासले, तरी जंत मिळेना! मग जुन्या संशोधनातून झुरळाचा धागा हाती लागला आणि ते झुरळांनी भरलेल्या एका साखर कारखान्यात पोहोचले. तिथल्या ६१ उंदरांपैकी ४० जणांत तोच जंत सापडला.

मग त्यांनी जंतवाली झुरळं प्रयोगशाळेतल्या उंदरांना खाऊ घातली. काहींच्या जठरात गाठी आल्या. १९१३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की जंतामुळे कॅन्सर होतो. त्या काळात प्राण्यात मुद्दाम कॅन्सर घडवणं ही प्रचंड मोठी गोष्ट होती. जपानच्या यामागिवा यांनी १९१५ मध्ये सशाच्या कानावर डांबर चोळून कॅन्सर घडवला. तो प्रयोग पुढे टिकला, पण नोबेल फिबिगर यांना मिळालं.

१९२६ चं नोबेल त्यांना १९२७ मध्ये देण्यात आलं. त्यानंतर काही आठवड्यांतच, ३० जानेवारी १९२८ रोजी त्यांचं निधन झालं. त्याआधी त्यांना स्वतःलाच आतड्याचा कॅन्सर असल्याचं निदान झालं होतं.

चूक कुठे झाली? जंत खरा होता, झुरळाची साखळीही खरी होती. फसला तो शेवटचा दुवा. प्रयोगातल्या उंदरांना पाव आणि पाण्यावर ठेवलं जायचं. अशा आहारात अ जीवनसत्त्व मिळत नाही आणि ते कमी पडलं की जठराचं अस्तर जाड होतं. त्यात जंताचा त्रास, म्हणून गाठी. १९५२ मध्ये हिचकॉक आणि बेल यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला. चांगला आहार मिळालेल्या उंदरांत तशा गाठी आल्या नाहीत, आणि ज्यांच्यात आल्या त्या कॅन्सरच्या नव्हत्या. घटसर्पाच्या वेळी तुलनेचा गट ठेवणारा माणूस इथे आहाराची तुलना करायला विसरला.

म्हणून उंदरांचे जंत निरुपद्रवी आहेत असं नाही. उंदरांतला एक पट्टकृमी धान्यातल्या किड्यांमार्फत क्वचित माणसात, विशेषतः लहान मुलांत जातो. भारतातही असे रुग्ण आढळले आहेत.

फिबिगर यांचा जंत मात्र आजही गोंगिलोनेमा निओप्लास्टिकम म्हणूनच ओळखला जातो. निओप्लास्टिकम म्हणजे गाठ निर्माण करणारा. आरोप खोटा ठरला, नाव तेवढं चिकटून राहिलं.