वैमानिक पिता रोआल्ड डाल

चॉकलेटच्या कारखान्याची व प्रेमळ राक्षसाची गोष्ट लिहून ज्यांनीं देशोदेशींच्या मुलांस हंसविलें, ते इंग्रजी ग्रंथकार रोआल्ड डाल तरुणपणीं लढाऊ वैमानिक होते, हें आमच्या बालवाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. त्यांच्या मुलांच्या आठवणींत मात्र या योद्ध्याचें निराळेंच रूप राहिलें. तें आम्ही येथें सांगणार आहों.

डाल यांचा जन्म १३ सप्टेंबर १९१६ रोजीं वेल्स प्रांतांत झाला. आईबाप मूळचे नॉर्वे देशाचे. ते तीन वर्षांचे असतां त्यांची सात वर्षांची बहीण आंत्रपुच्छाच्या विकारानें वारली, आणि थोड्याच आठवड्यांत वडीलही निवर्तले. पुढें ते एका तेलाच्या कंपनीच्या नोकरीवर पूर्व आफ्रिकेंत गेले. १९३९ मध्यें महायुद्ध पेटलें, तेव्हां त्यांनीं नैरोबी येथें ब्रिटिश वायुदलांत प्रवेश केला. त्यांची उंची साडेसहा फूट असल्यामुळें शिकाऊ विमानांत बसले कीं डोकें बाहेर वाऱ्यांत राहत असे.

१९ सप्टेंबर १९४० च्या सायंकाळीं इजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटांत त्यांस नेमून दिलेली धांवपट्टी सांपडेना. इंधन संपत आलें होतें. नाइलाजानें त्यांनीं विमान वाळूंत उतरविलें. तें दगडावर आदळून पेटलें. कवटी फुटली, नाक चिरडलें, डोळ्यांपुढें काळोख झाला. तरीही ते सरपटत ज्वाळांबाहेर आले. त्यानंतर कित्येक आठवडे त्यांस दिसत नव्हतें. असें असूनही पुढील एप्रिलांत ते ग्रीस देशीं लढूं लागले. २० एप्रिल १९४१ रोजीं अथेन्स शहरावर झालेल्या झुंजींत त्यांच्या बाजूचीं बारा विमानें होतीं. त्यांपैकीं पांच पडलीं व चार वैमानिक प्राणांस मुकले. डाल वांचले, परंतु जुन्या दुखापतीनें डोकें असह्य दुखूं लागल्यामुळें त्याच वर्षीं त्यांस रणभूमि सोडावी लागली.

त्या झुंजीस बरोबर चौदा वर्षें झालीं, त्याच दिवशीं, २० एप्रिल १९५५ रोजीं, त्यांची पहिली कन्या ऑलिव्हिया जन्मली. पुढें आणखी चार मुलें झालीं. रात्रीं मुलींस गोष्ट सांगून झाली कीं हे गृहस्थ बाहेर जाऊन शिडीवर चढत, आणि राक्षस स्वप्नें फुंकीत आहे असें भासवून खिडकींतून बांबूची काठी आंत सारीत.

१९६० मध्यें न्यूयॉर्क शहरीं चार महिन्यांच्या थिओच्या बाबागाडीस मोटारीची धडक बसली. त्याच्या मेंदूंत पाणी सांचूं लागलें. तें वाहून नेणाऱ्या नळीची झडप वारंवार तुंबे. तेव्हां डाल यांनीं खेळांतल्या विमानांचीं यंत्रें हौसेनें बनविणारे स्टॅन्ली वेड व शस्त्रवैद्य केनेथ टिल यांच्या साह्यानें नवी झडप सिद्ध केली. तोंवर थिओस तिची गरज उरली नव्हती. पण सुमारें तीन हजार मुलांस ती उपयोगी पडली. तिघांनींही तिच्यापासून नफा घेतला नाहीं.

१७ नोव्हेंबर १९६२ रोजीं गोवरानें मेंदूस सूज येऊन ऑलिव्हिया गेली. तीही सातच वर्षांची होती. त्या वेळीं इंग्लंडांत गोवराची लस मिळत नव्हती. ज्वाळांतून बाहेर आलेला हा पुरुष या दुःखापुढें मूक झाला. त्या दिवसाची हकीकत त्यांनीं एका वहींत लिहून ठेविली. ती त्यांच्या मृत्यूनंतर कुटुंबीयांस सांपडली. मात्र १९८६ मध्यें त्यांनीं आपलें मौन सोडलें, आणि एक जाहीर पत्र लिहून सर्व आईबापांस मुलांना लस टोंचून घेण्याची कळकळीची विनंति केली.

२३ नोव्हेंबर १९९० रोजीं डाल निवर्तले. त्यांच्या ठायीं दोषही होते. ज्यू लोकांविषयीं त्यांनीं जाहीरपणें काढलेले द्वेषाचे उद्गार कोणीही विसरूं नयेत; २०२० मध्यें त्यांच्या कुटुंबानेंच त्यांबद्दल क्षमा मागितली. वडिलांवर प्रेम असूनही त्यांची चूक झांकून न ठेवणें, हें त्या घरानें दाखविलें, याचें आम्हांस मोल वाटतें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्याही घरीं कमी बोलणारे कोणी वडीलधारे असतील. सवड काढून त्यांच्यापाशीं बसा व त्यांस त्यांची हकीकत विचारा. आणि पालकांस आमची विनंति एवढीच कीं, घरांतील लहानग्यांस गोवराची लस देण्याचें राहिलें असल्यास तें आजच उरकावें.